मानाची खुर्ची

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांच्या चालीत कसोटी क्रिकेटची दोन मैदानं लागतात. ब्रेबर्न आणि वानखेडे. मोठ्या शहरात दोन स्टेडियम असणं समजू शकतं. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांची सोय. पण एकाच्या गच्चीवरून उडवलेला पतंग दुसऱ्याच्या गच्चीवर कटून पडावा इतकी ती जवळजवळ का बांधली, याचा खुलासा क्रिकेटच्या पुस्तकांपेक्षा कुठल्याही लग्नघरात लवकर होतो. ब्रेबर्न १९३७ सालचं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामना भरवायचा मुंबईच्या क्रिकेट संघटनेने आणि खुर्च्या मात्र क्लबाच्या, त्यामुळे संघटनेच्या वाट्याला तिकिटं किती यावरून दोघांत कायम धुसफुस. त्यात, असं सांगतात की, आमदारांचा एक मदतीचा सामना ब्रेबर्नवर भरवावा अशी विनंती घेऊन बॅरिस्टर शेषराव वानखेडे क्लबाकडे गेले आणि क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला. वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष आणि क्रिकेट संघटनेचेही अध्यक्ष. दारात ताटकळत ठेवलेला पाहुणा नेमका गावचा पाटील निघावा, तसं झालं. मग पाटलाने समोरच दुसरा वाडा बांधला. शशी प्रभू यांनी आराखडा केला, जेमतेम तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढून नव्या घराची वास्तुशांत केली. तेरा महिन्यांत मुंबईत एरवी एका रस्त्याचं खोदकाम पुरं होत नाही. रुसव्यात केवढी बांधकामशक्ती भरलेली असते, हे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अजून शिकवायला घेतलेलं नाही.

वास्तुशांतीला भांडण झालं नाही तर ती पावली असं आपल्याकडे मानत नाहीत, म्हणून तेही झालं. लॉइडचं द्विशतक पूर्ण होताच त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवला, त्यावर प्रेक्षक खवळले आणि चहापानानंतरचा खेळ बुडाला. म्हणजे वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटी सामन्यात लोकांनी क्रिकेट बंद पाडलं ते क्रिकेटवरून नव्हे, आपल्यातल्या एका पाहुण्याचा यजमानांकडून अपमान झाला यावरून. इथे आमचा मुद्दा सुरू होतो. स्टेडियम ही खेळ पाहायची जागा आहे, ही समजूत भाबडी आहे. स्टेडियम हे शहराचं मंगल कार्यालय आहे. लग्नात विधी असतोच, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. पण सप्तपदी पाहणारे किती? भटजी, चार म्हाताऱ्या आणि फोटोग्राफर. उरलेली पाचशे माणसं कोण कुठे बसलं, कोण आलंच नाही, आलं तर कुणाच्या गाडीतून आलं, मठ्ठा पातळ का झाला, या जास्त गहन प्रश्नांत बुडालेली असतात. स्टेडियममधला खेळ म्हणजे ती सप्तपदी. तो मधोमध, विधीपूर्वक, ठरल्या मुहूर्ताला चाललेला असतो. भोवतालचा समारंभ मात्र बैठकव्यवस्थेचा असतो.

हा टवाळीचा मुद्दा नाही, याला आकड्यांचा आधार आहे. जुन्या वानखेडेत पंचेचाळीस हजारांच्या घरात माणसं मावत. २०११ चा विश्वचषक आला, नूतनीकरण झालं आणि आसनसंख्या तेहतीस हजारांच्या आसपास आली. आता, जास्तीत जास्त लोकांना खेळ दिसावा हा हेतू असता तर जगातला सगळ्यात मोठा सामना दारात आल्यावर खुर्च्या वाढल्या असत्या. त्या कमी झाल्या, पण ऐसपैस झाल्या, त्यांना पाठी आल्या, क्रमांक आले, काहींना काचेमागचं वातानुकूलन आलं. पंगत मोडून टेबलखुर्ची आली की जेवणाऱ्यांची संख्या घटते आणि मान वाढतो, तसाच हा व्यवहार. पुढचा आकडा याहून बोलका आहे. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी सर्वसामान्यांना विकायला निघालेली तिकिटं होती सुमारे चार हजार. उरलेली क्रिकेट संघटनेच्या तीनशेच्या वर संलग्न क्लबांना, आंतरराष्ट्रीय परिषदेला, प्रायोजकांना, आणि ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही अशा मंडळींना. लग्नाच्या याद्या अशाच होतात. पत्रिकेवर आप्तेष्ट आणि मित्रपरिवार छापतात, आणि शेवटी हॉलमध्ये वरपित्याच्या ऑफिसातला अख्खा मजला येऊन बसतो. शेजारच्या कुलकर्ण्यांना ‘तुम्ही घरचेच’ म्हणून पत्रिकाच जात नाही. मुंबईचा सामान्य क्रिकेटवेडा हा त्या अर्थाने गेली पन्नास वर्षं घरचाच आहे.

त्या सामन्यातला विधीही लग्नासारखाच पार पडला. नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांचा कल्लोळ इतका की श्रीलंकेच्या संगकाराने छापा मागितला की काटा, हे सामनाधिकाऱ्यांना ऐकूच आलं नाही. नाणं पुन्हा उडवावं लागलं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोनदा नाणेफेक, याचं इंग्रज समालोचकाला नवल वाटेल. आपल्याकडे ‘सावधान’ कुणालाच ऐकू येत नाही आणि निम्म्या अक्षता आधीच्या कडव्याला पडलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला त्यात विशेष काही दिसलं नाही. धोनीच्या ज्या षटकाराने विश्वचषक आला तो चेंडू प्रेक्षकांत जिथे पडला त्या खुर्च्यांपाशी पुढे स्मारक करण्यात आलं. इथे बारकाई पाहा. षटकार मारला गेला खेळपट्टीवर. स्मारक झालं खुर्च्यांचं.

आता यावर कोणी म्हणेल की क्रिकेटच्या सामन्याला लग्नाचे कपडे घालणं सोपं आहे, पण हे उपमेचं काम झालं, पुराव्याचं नव्हे. ठीक. खेळ बाजूला काढू आणि स्टेडियम उरतं का ते पाहू. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी वानखेडेवर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. शपथ ही मूळ राजभवनाच्या दिवाणखान्यात उरकायची गोष्ट. राज्यपाल, एक कागद, एक पेन आणि चहा एवढ्या साहित्यात ती होते. पण घरातल्या घरात लग्न उरकलं की लोकांना शंका येते. म्हणून १९९५ मध्ये मनोहर जोशींनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली, २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी तिथेच घेतली, आणि २०२४ मध्ये फडणवीसांचा तिसरा मुहूर्त आझाद मैदानावर निघाला. या सगळ्यांत वानखेडेचा समारंभ लक्षात राहिला तो शपथेमुळे नव्हे. शपथेचा मजकूर राज्यघटनेने ठरवून दिलेला असतो, त्यात रहस्य नाही. रहस्य होतं ते शिवसेना येणार की नाही हे. जागावाटपावरून सोयरीक मोडलेली, बहिष्कार जाहीर झालेला, मग दिल्लीहून फोन, मनधरणी, आणि अगदी शेवटच्या घटकेला उद्धव ठाकरे येऊन बसले. रुसलेला मामा अंतरपाट धरायच्या वेळी हजर झाला की मांडवात जो एक सुटकेचा सुस्कारा उमटतो, तो त्या संध्याकाळी वानखेडेच्या सगळ्या स्टँडांतून उमटला असणार. त्या दिवशी तिथे एकही चेंडू टाकला गेला नाही, तरी स्टेडियमने आपलं काम चोख केलं.

वानखेडे निदान नावाने तरी एका खेळाला बांधलेलं आहे. वरळीचा घुमट, म्हणजे नॅशनल स्पोर्ट्स क्लबाचं वल्लभभाई पटेल स्टेडियम, हे मात्र खरं सर्वधर्मीय कार्यालय. १९५० च्या दशकात ते झालं. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या पाहायला मुंबई तिथे लोटत असे. तो खेळ किती खरा आणि किती ठरवलेला यावर तेव्हाही वाद होता, पण नवरा-नवरीने एकमेकांना पसंत केलं की मामांनी, याची चौकशी आपण कुठे करतो? पुढे २०१४ मध्ये त्याच छताखाली मॅटवरची प्रो कबड्डी सुरू झाली. गल्लीत, नारळाच्या झावळ्यांच्या आडोशाला, गुडघे सोलून घेत खेळला जाणारा आपला खेळ झगमगत्या दिव्यांत आला आणि त्याला बघायला सिनेमानट येऊन बसले. मुलगी शिकून साहेब झाल्यावर गावातल्या लोकांचे चेहरे होतात तसे जुन्या कबड्डीपटूंचे चेहरे झाले, निम्मे अभिमानाने फुललेले आणि निम्मे ओळख देईल ना या काळजीत. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या एनबीएचे भारतातले पहिले सामने तिथे झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे एका बाजूला निदान आडनाव ओळखीचं होतं. रणदिव्यांकडची मंडळी पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने हरली. आपल्या गावात येऊन, आपल्या माणसांसमोर, एका गुणाने! पण पाहुण्यांना जिंकू देणं हा यजमानधर्म आहे असं म्हणून तो विषय मिटवता येतो.

मग २०२० साल आलं आणि याच घुमटाखाली खाटा मांडल्या गेल्या. कोविडच्या रुग्णांसाठी. जिथे कबड्डी-कबड्डीचा दम घुमत होता तिथे माणसं खरोखर श्वास मोजत होती. मंगल कार्यालय पुरात गावाला आसरा देतं, भूकंपात शाळा होतं, तसं ते झालं, आणि आमच्या मते या इमारतीच्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा हंगाम होता, जरी त्याचं तिकीट कुणालाच नको होतं. पुढे ५ जुलै २०२५ रोजी त्याच जागी उद्धव आणि राज हे ठाकरे बंधू सुमारे वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. निमित्त पहिलीपासूनच्या हिंदीसंबंधीचे सरकारी आदेश मागे घेतले गेल्याचं. त्या मेळाव्याचं राजकीय विश्लेषण करणारे रकाने भरपूर लिहिले गेले. आम्ही फक्त बैठकव्यवस्थेचं करतो. दोन भाऊ, व्यासपीठाच्या दोन बाजूंनी आत येणारे, मधे भेटणारे, आणि खाली दोन्हीकडचं वऱ्हाड डोळे पुसणारं. कुस्ती, कबड्डी, बास्केटबॉल, इस्पितळ आणि भाऊबंदकीची दिलजमाई, इतकी कार्यं एका छताखाली. हॉलचं बुकिंग रजिस्टर म्हणून हे पाहिलं तर अगदी सरळ आहे. क्रीडा संकुलाचा इतिहास म्हणून पाहिलं की मात्र डोकं गरगरतं.

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम ही या परंपरेची पुढची पायरी, लॉन्स म्हणतात तशी. शहराबाहेर प्रशस्त, गाड्या लावायला जागा, वर छत आणि मधे एकही खांब नाही. २००८ मध्ये ते उघडलं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला. नंतर मात्र मुलगी खपेना तसं क्रिकेटचं झालं. नोव्हेंबर २००९ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना ठरला, आणि नेमकं फयान वादळ कोकण किनाऱ्यावर चालून आलं. एकही चेंडू न पडता सामना रद्द. मग जागा रिकामी ठेवून भाडं मिळत नाही, म्हणून तिने येईल ते स्थळ पाहिलं. १७ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, मुलींच्या विश्वचषकाचा २०२२ चा अंतिम सामना झाला, २०१७ मध्ये जस्टिन बीबर येऊन गेला, २०१९ मध्ये यू-टू हा आयरिश वाद्यवृंद येऊन गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. त्या तिकिटांची विक्री सप्टेंबरातल्या एका रविवारी सुरू झाली तेव्हा संकेतस्थळावर १ कोटी ३० लाख लोक आले असं विकणाऱ्यांनीच सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा धरून सगळी मुंबई रांगेत उभी राहिली तरी सहा लाख बाहेरगावचे लागतात. एवढ्या लोकांना त्या वाद्यवृंदाची चार गाणी तोंडपाठ होती, असं मानणं गाण्यावर अन्याय करणारं आहे. त्यांना तिथे असायचं होतं. ‘तुम्ही नव्हतात का?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विचारतात, आणि त्याचं ‘नव्हतो’ हे उत्तर देण्यापेक्षा माणूस चौपट भावाने तिकीट घेतो.

या सगळ्यावर क्रीडाप्रेमींचा मुख्य आक्षेप असा की मैदान हे पवित्र असतं, त्याची हिरवळ तळहातावरच्या फोडासारखी जपलेली असते, आणि तिच्यावर व्यासपीठं, दिव्यांचे मनोरे नि नाचणारी माणसं आणून आपण खेळाची विटंबना करतो. हिरवळीबद्दल आम्हालाही आदर आहे. पण तिच्यावर खेळाने केलेले अत्याचार आणि समारंभांनी केलेले अत्याचार मोजायला बसलो तर तराजू कुठे झुकेल ते सांगणं कठीण. वानखेडेची खेळपट्टी १९९१ मध्ये खणली गेली ती कुठल्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी नव्हे, भारत-पाकिस्तान सामना होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी ती उखडली होती. लग्न मोडायला आलेल्यांनी थेट बोहलंच खणून काढलं, आणि लग्न मोडलंही. आणि हिरवळीच्या पावित्र्याचा खर्च कोण देतं हा प्रश्न २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारला. त्या एप्रिलात मराठवाडा कोरडा पडला होता, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं, आणि इकडे आयपीएलच्या मैदानांना पाणी घालायचं होतं. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. वानखेडेवर ठरलेला अंतिम सामना बंगळुरूला गेला. प्रत्येक मंगल कार्यालयात बेसिनच्या वर एक पाटी असते, ‘पाणी जपून वापरा’. वऱ्हाडातलं कुणी ती वाचत नाही. त्या वर्षी ती न्यायमूर्तींनी मोठ्याने वाचून दाखवली, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. खेळात माणसं खरोखर रडतात, खरोखर आनंदाने वेडी होतात. हे सारं मानपानाचं नाटक असेल तर १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर काय झालं? सचिन तेंडुलकरचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना, तिसऱ्याच दिवशी संपलेला, आणि हुंदका आवरत बोलणारा सचिन. त्याचं उत्तर असं की लग्नातही माणसं खरोखर रडतात, आणि कधी रडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मुलीची पाठवणी होती, दुसरं काही नव्हे. त्याने हातात नावांची यादी धरली होती, कुणाचे आभार राहू नयेत म्हणून. वडिलांपासून सुरुवात, मग आई, काका-काकू, भावंडं, पत्नी, मुलं, सासर, मित्र, आचरेकर सर, आणि मग एकेक संघटक, डॉक्टर, पत्रकार. विश्वविक्रमी फलंदाज निघताना आकडेवारी वाचत नाही, आहेराची यादी वाचावी तशी माणसांची नावं वाचतो. आई त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदाच पाहायला आली होती, आणि तिला येता यावं म्हणूनच तो सामना मुंबईत हवा अशी त्याची विनंती होती. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीचा शेवटचा हट्ट एका खुर्चीचा होता. शेवटी तो एकटा खेळपट्टीकडे गेला, वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला. उंबरा ओलांडताना मुलगी मागे वळते तो क्षण. तेहतीस हजार माणसं रडली आणि त्यातली बरीचशी पासवर आलेली होती, म्हणून त्यांचं रडणं खोटं ठरत नाही.

तिसरा आक्षेप कोल्हापूरहून येतो, आणि कोल्हापूरहून आलेला आक्षेप ऐकून घ्यावाच लागतो. शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि तसं काही आपल्या पैलवानांसाठी असावं म्हणून खासबाग मैदान बांधलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. मधे खोलगट हौदा, त्यात लाल माती, भोवती चढत गेलेली बैठक, आणि कुठेही बसा, समोरच्याचा फेटा आड येत नाही. इथे हेतू नि:संशय पाहण्याचा होता. मान्य, हा आमच्या सिद्धांतावरचा सगळ्यात जबर डाव आहे आणि क्षणभर आमची पाठ मातीला लागते. पण उठून बसल्यावर असं दिसतं की खासबागेतही एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत हलगी कडाडत असते आणि मधल्या वेळात पाहुण्यांचे सत्कार चाललेले असतात. कुणाला फेटा बांधला, कुणाला नुसता नारळ दिला, कुणाच्या हस्ते कुस्ती लावली, कुणाचं नाव पुकारायचं राहिलं. खुर्ची नसली की मान फेट्यात शिरतो. फरक एवढाच की महाराजांनी आधी सगळ्यांना दिसेल याची सोय केली आणि मग मानपानाला मोकळीक दिली. मुंबईने क्रम उलटा धरला.

आणि इथे ही उपमा उपयोगाला येते. स्टेडियमला क्रीडामंदिर म्हटलं की आपण हात जोडतो आणि तक्रार करत नाही. देवळात रांग असायचीच, धक्काबुक्की व्हायचीच, पाण्याची बाटली दारात काढून घेतली तर तोही नवसाचा भाग. मंगल कार्यालय म्हटलं की तोच माणूस एकदम चौकस होतो. दारं किती? हात धुवायला नळ किती? बायकांसाठी सोय कुठे? म्हाताऱ्यांना किती जिने? जेवण कितीला? रात्री बाराला कार्य संपलं तर शेवटची लोकल मिळणार का, की सगळं वऱ्हाड फलाटावर झोपणार? कुठलाही सासरा बयाणा देण्याआधी हे विचारतो. पाचशेच्या लग्नाला विचारतो ते प्रश्न पन्नास हजारांच्या समारंभाला आपण विचारत नाही. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेला निघाली, तेव्हा समुद्राला भरती आली की माणसांना हे कळेना. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत महापालिकेचे सफाई कर्मचारी गाड्या भरून चपला-बूट गोळा करत होते. करवल्यांनी बूट लपवावेत तशी ती गंमत सांगितली गेली. पण पायातली चप्पल सुटल्यावर माणूस ती घ्यायला वाकू शकत नाही, याचा अर्थ गंमतीचा नाही. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांपाशी अशाच विजयोत्सवात अकरा माणसं चेंगरून मेली. नंतर महिला विश्वचषकाचे तिथले सामने काढून नेरूळला देण्यात आले, आणि म्हणून २ नोव्हेंबर २०२५ ला पावसाने खोळंबलेल्या रात्री हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं ते नवी मुंबईत. फयानच्या वेळी मोडलेलं लग्न सोळा वर्षांनी असं लागलं, पण त्यामागे दुसऱ्या घरातलं सुतक होतं, हे विसरू नये.

तेव्हा पुढचं स्टेडियम बांधणाऱ्यांनी धावपट्टीचं माप नंतर घ्यावं, आधी एखाद्या जुन्या मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला, तो पानाचा तोबरा भरलेला आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला गृहस्थ असतो त्याला, सल्ल्याला बसवावं. गर्दी कुठे तुंबते हे त्याला नकाशा न पाहता कळतं. मानपान राहणारच. वानखेडेत मे २०२५ मध्ये शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा यांची नावं स्टँडांना दिली गेली, आणि पंगत अजून उठलेली नाही, तेव्हा आणखीही पाट मांडले जातील. त्या यादीत कोण राहिलं यावरून पुढचा रुसवा होईल आणि त्यातून कदाचित चर्चगेटपासून अकरा मिनिटांच्या चालीवर तिसरं स्टेडियमही उभं राहील.

राहता राहिले विजय मर्चंट, ज्यांच्या नकारातून हा सगळा संसार उभा राहिला असं सांगतात. मरीन लाइन्सच्या बाजूने वानखेडेत शिरून एकेका स्टँडवरची नावं वाचत गेलं तर तेही सापडतात. गावसकर, तेंडुलकर, दिवेचा यांच्याच पंगतीत, विजय मर्चंट स्टँड म्हणून.